फवारणीआधी मुंग्या बघा

गॅलरीत पंधरा-वीस कुंड्या असतील तर लगेच औषधाची बाटली आणायला धावू नका. एवढ्या झाडांचं पान न् पान हातात धरून बघता येतं आणि निम्मं काम तिथेच होतं.

आठवड्यातून दोनदा, सकाळी पाणी घालतानाच, पानं उलटून बघा. कोवळ्या शेंड्याला बारीक हिरवे-काळे किडे दाटीवाटीने चिकटलेत, तो मावा. झाड हलवल्यावर उडून परत तिथेच बसते ती पांढरी माशी. देठाच्या बेचक्यातला पांढरा पिठूळ थर म्हणजे पिठ्या ढेकूण. सोसायटीच्या बागेतल्या जास्वंदीवरून तो भेंडीवर कधी येतो, कळत नाही. मिरचीची पानं आकसली की 'चुरडा-मुरडा' म्हणून आपण मोकळे होतो. पण कडा वर वळल्या असतील तर बहुधा फुलकिडे, खाली वळल्या असतील तर कोळी.

आता त्याच झाडावर मुंग्यांची ये-जा शोधा. मावा आणि पिठ्या ढेकूण गोड चिकटा सोडतात. त्या चिकट्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात, त्यांना खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात. मुंग्या तशाच ठेवून फवारणी करणं म्हणजे पैसे पाण्यात. कुंडी भिंतीपासून, ग्रिलपासून चार बोटं पुढे ओढा, टेकलेल्या फांद्या छाटा आणि कुंडीच्या बाहेरून काठाखाली व्हॅसलिनचा दोन बोटं रुंद पट्टा ओढा. खोडाला मात्र ते लावू नका. कुंडीखालच्या ताटलीत पाणी भरून ठेवा, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. मुंबईत ते नको. त्याच पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो.

मुंग्यांची वाट तुटली की झाड बाथरूममध्ये न्या आणि पानांच्या मागच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारा. गॅलरीत मारलात तर खालच्या मजल्यावरचं वाळत घातलेलं धुणं भिजेल आणि भांडण किडीपेक्षा जास्त दिवस टिकेल. तीन-चार दिवस ओळीने हे केलं की मावा बहुतेक धुऊन जातो. पिठ्या ढेकूण जुन्या टूथब्रशने खरवडून काढा. त्यांच्यात एखादा आकाराने मोठा, लांब पांढऱ्या तंतूंचा आणि चपळ दिसला तर त्याला चिरडू नका. ती बहुधा क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याची अळी असते आणि तिचं खाणंच पिठ्या ढेकूण आहे.

एवढ्याने भागलं नाही तरच निंबोळी. १ लिटर कोमट पाण्यात आधी १ मिली पातळ साबण, मग ५ मिली निंबोळी तेल घालून नीट घुसळा. निंबोळी पावडर मिळाली तर ५० ग्रॅम १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा. शेतकरी ज्याला ५ टक्के अर्क म्हणतात तो हाच. आधी एका फांदीवर मारून एक दिवस थांबा, मग ऊन उतरल्यावर सगळीकडे. आठवड्याने पुन्हा. पावसाने धुऊन गेलं तर मोजणी नव्याने सुरू.

कढीपत्त्यावर आणि लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडेल. बोट लावलं की डोक्यामागून लालसर शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. ती फुलपाखराची. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, त्याचीही अळी लिंबाच्या कुळावरच वाढते. चार पानं गेली तर जाऊ द्या.

पावसात तळमजल्यावर नि कंपाउंडलगत शंखी गोगलगायी येतात. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट अळूच्या वाफ्याशेजारी पसरा. पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाका. मीठ थेट मातीत टाकू नका, माती वाया जाते. कुंडी थोडी उकरा. साबुदाण्याएवढी पिवळट-पांढरी अंडी दिसली तर तीही त्याच बादलीत. ती राहिली तर महिन्याभरात सगळं पुन्हा करावं लागेल.

गच्चीवरच्या दुधी-कारल्याला फळमाशी डंख मारते. फळ बोटाएवढं झालं की कागदी पिशवी बांधा. किडकं फळ खताच्या डब्यात नको, पिशवीत गच्च बांधून उन्हात ठेवा.

कबुतरांना जाळी, दुसरा उपाय नाही. बोरिवली-मुलुंडला राष्ट्रीय उद्यानाशेजारी राहणाऱ्यांना माकडांसाठीही तीच, फक्त लोखंडी, आणि खायला घालणाऱ्या शेजाऱ्यांची समजूत काढणं. उंदराला पिंजरा लावा, विषाच्या वड्या नकोत. त्या खाल्लेला उंदीर मांजर किंवा घुबड उचलतं. ओल्या कचऱ्याचा डबा झाकणाचा असला की उंदीर निम्मे कमी येतात. पावसात उंदीर फिरलेल्या मातीत उघड्या, खरचटलेल्या हातांनी काम करू नका; लेप्टोचा धोका असतो.