कस्टम रायफलसाठी बॅरल कोणते घ्यावे?

प्रश्न : टेक्ससमध्ये लक्ष्यनेमबाजीसाठी ६.५ क्रीडमूर रायफल बांधून घ्यायची आहे. बॅरल कसे निवडावे?

उत्तर : आधी गोळी ठरवावी, मग बॅरल. १४० ग्रेनच्या लांब गोळीला ८ इंचांत एक पूर्ण पीळ लागतो. पीळ फार संथ असला, तर गोळी हवेत डळमळते.

विस्कॉन्सिनच्या क्रीगर आणि बार्टलाइन कंपन्या हा पीळ देणाऱ्या बॅरलच्या आतल्या खाचा एकाच पात्याने थराथराने कापतात. टेक्ससची शिलेन कंपनी याच खाचा कठीण बटणाच्या दाबाने उमटवते. या दाबामुळे पोलादात उरणारा ताण उष्णता देऊन काढावा लागतो. नीट केल्यास दोन्ही पद्धती अचूक ठरतात.

स्पर्धेसाठी ४१६आर स्टेनलेस पोलादाचे, हाताने लॅपिंग केलेले (आतून घासून गुळगुळीत केलेले) बॅरल घ्यावे. गनस्मिथने कापलेला चेंबर (काडतूस बसण्याची जागा) बॅरलच्या अक्षापासून जरासा जरी सरकला, तरी महागडे बॅरलही वाया जाते. त्यामुळे गनस्मिथही तितकाच पारखून निवडावा.