घरचा भाव आणि अनोळखी गिऱ्हाईक

प्रश्न : मी घरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकते. गावातली मंडळी, माहेरची माणसं, मुलाच्या ओळखीतले लोक नेतात. माल चांगला आहे असं सगळेच म्हणतात, पण विक्री आहे तिथंच आहे. मुलगा म्हणतो, पंढरपूरच्या दुकानांत आणि टेंभुर्णीच्या हॉटेलांत विचारून बघ. पण परक्या दुकानदारापुढे पुडा ठेवायचा म्हटलं की घसा कोरडा पडतो. ही भीड मोडल्याशिवाय धंदा वाढतच नाही का?
– एक गृहिणी, करकंब (ता. पंढरपूर)

उत्तर : ताई, भिडेचं नंतर बघू, आधी हिशेबाचं बघू. नणंदेला किंवा शेजारणीला भाकरी देताना ज्वारीचे, शेंगदाण्यांचे, गॅसचे पैसे तुम्ही धरत असाल. तव्यापुढे बसलेल्या तासांचे धरता का? घरून धंदा करणाऱ्या बहुतेक जणी धरत नाहीत, कारण घरच्या माणसाकडून मजुरी कशी मागायची! गावात सगळ्यांना तुमचा भाव पाठ असतो आणि तो दहा रुपयांनी वाढवला तरी चर्चा होते. ओळखीतली विक्री अडते ती बऱ्याचदा इथंच. परक्या माणसाला तुमचा जुना भाव ठाऊक नसतो. त्याच्यापुढे मजुरी धरून किंमत सांगता येते.

दुसरी अडचण खबरीची. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाचा १९७३ सालचा एक लेख पुढे फार गाजला. ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं होतं, की ज्याच्याकडून खबर कळली तो माणूस त्या काळात तुम्हाला कितीदा भेटत होता? नेहमी भेटणारा निघाला तो शंभरात जेमतेम सतरा जणांच्या बाबतीत. बाकीच्यांना खबर दिली ती कधीमधी किंवा क्वचित भेटणाऱ्यांनी. जवळच्या माणसांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतं, म्हणून असं होतं. नोकरीची ही गोष्ट गिऱ्हाइकालाही लागू पडते असं मला वाटतं. टेंभुर्णीच्या कोणत्या हॉटेलात पुण्या-सोलापूरच्या गाड्या थांबतात आणि तिथले प्रवासी घरी न्यायला काय मागतात, हे तुमच्या गल्लीत कोण सांगणार? तेव्हा मुलाचं म्हणणं खरं आहे. बाहेर पडावं लागेल.

आता भिडेकडे येऊ. मनाचा हिय्या करून ती जाते असं मी म्हणणार नाही. ती कशानं जाते याचं माझ्या मते सर्वांत चांगलं उदाहरण तुमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या म्हसवडला आहे. रस्त्यावर लोहारकाम करणाऱ्या एका बाईला छपराच्या प्लास्टिकसाठी रोज थोडे पैसे साठवायचे होते. एवढ्याशा रकमेचं खातं कोणतीही बँक उघडेना. तेव्हा सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा आणि गावच्या बायकांनी स्वतःचीच बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला, कारण अर्जदारांतल्या कित्येक जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या बायका गावी परतून अक्षरं शिकायला बसल्या. काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, कोणत्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटर न घेता करायला सांगा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

आकडेमोड त्यांना आधीपासून येत होती, बाजारात उभ्या राहणाऱ्या बाईला ती येतेच. नकार मिळाल्यावर कमी काय पडलं ते त्यांनी नेमकं हेरलं, तेवढंच शिकून घेतलं आणि आपली बळकट बाजू पुढे केली. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. घसा कोरडा पडतो तो बहुतेक वेळा उत्तर तयार नसतं म्हणून.

दुकानदार तुम्हाला काय विचारेल ते आत्ताच सांगता येतं. भाकरी किती दिवस टिकते? पुड्यात वजन किती? मला एका पुड्यामागे किती सुटतात? आणि मोडलेल्या भाकऱ्या परत घेणार का? हा शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, कारण कडक भाकरी गाडीत मोडतेच. भाकऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घट्ट रचून एकदा एसटीनं पंढरपूरला न्या आणि किती मोडल्या ते मोजा. प्रत्येक घाण्यातले चार पुडे घरी बाजूला ठेवा, दर आठवड्याला एक फोडा. भाकरी कधी सादळते आणि चटणीला खवट वास कधी लागतो, ते वहीत तारखेनं लिहा. आपली शेंगाचटणी तेल सुटेपर्यंत कुटलेली असते. चव त्या तेलातच असते आणि हवा लागली की बिघडतंही तेच. म्हणून पुडा हवाबंद हवा. अन्नपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी घरगुती धंद्यालाही लागते. तो चौदा आकडी क्रमांक, वजन, किंमत, केल्याची तारीख आणि पत्ता पुड्यावर छापा. यातल्या अर्ध्या गोष्टी दुकानदार तोंडानं विचारण्याआधी पुड्यावरच वाचेल.

एक जपा : एका वेळी एकच गोष्ट नवी असू द्या. येर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांवर प्रयोग केले. काम सोपं असताना विजेच्या जोराच्या झटक्यानंही उंदीर लवकर शिकले, पण काम अवघड झालं तेव्हा तोच जोर त्यांना आडवा आला. उंदरांवरून माणसाचं सगळं ठरवू नये, तरी हे मला पटतं. नवं दुकान, नवा पदार्थ आणि कर्ज एकदम अंगावर घेतलं तर शिकणं राहतं आणि धास्तीच उरते. नव्या दुकानात नेहमीचीच भाकरी आणि चटणी न्या. लाडू-चिवडा करायचा असेल तर तो आधी गावातल्या गिऱ्हाइकांना द्या.

आणि सुरुवात आषाढी वारीत करू नका, गर्दी कितीही खुणावली तरी. त्या दिवसांत हवा दमट असते, भाकरी सादळते, आणि गर्दीत दुकानदाराला नव्या मालाकडे बघायलाही उसंत नसते. माघी वारी बरी. हवा कोरडी, गर्दी आषाढीच्या मानानं कमी, परतीच्या वाटेवर शिदोरी घेणारे वारकरीही असतात. एकाच दुकानात थोडे पुडे ठेवा, दुसऱ्या आठवड्यात जाऊन किती उरले ते बघा. आषाढीला हात घालायचा तो पावसाळी हवेतली तुमची स्वतःची नोंद वहीत आल्यावर.