गॅसची गळती : लक्ष जमिनीलगत हवे

चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या पिढ्यांना धुराचा स्वभाव अनुभवाने ठाऊक होता. धूर वर चढतो. म्हणून त्याला वाट द्यावयाची ती धुराड्यातून किंवा भिंतीच्या माथ्यावरील झरोक्यातून. आता खेडोपाडी स्वयंपाकाचा गॅस पोहोचला आहे. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेने या प्रसारास वेग दिला. स्वयंपाकघरे मात्र अनेक ठिकाणी चुलीच्याच काळातील आहेत. गॅसची चाल धुराच्या नेमकी उलट असते, आणि पुष्कळशा अपघातांचे मूळ या अज्ञानात आहे.

वायूचा स्वभाव

टाकीतील गॅस म्हणजे प्रोपेन व ब्युटेन या वायूंचे दाबाखाली द्रवरूप केलेले मिश्रण होय. हा द्रव बाहेर पडताच त्याचा वायू होतो व आकारमान सुमारे २५० पट वाढते. हा वायू हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्याने पाण्याप्रमाणे खाली उतरतो, जमिनीवर पसरतो व खोलगट जागी साचून राहतो. केवळ वरचा झरोका उघडा ठेवून तो बाहेर जात नाही. उंबरठा उंच असेल तर दारातही अडतो.

हवेत या वायूचे प्रमाण सुमारे २ ते ९ टक्के असताना ठिणगी मिळाल्यास तो पेट घेतो. दहा फूट लांब, आठ फूट रुंद व दहा फूट उंच अशा बंद खोलीत सुमारे एक किलो गॅस सर्वत्र मिसळला तरी ही मर्यादा गाठली जाते. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो, हे लक्षात घेतल्यास धोक्याची कल्पना येईल. शिवाय वायू तळाशी साचत असल्यामुळे याहून कमी गळतीही घातक ठरू शकते.

पाश्चात्त्य देशांत मोटारीतच संसार मांडून प्रवास करण्याची प्रथा आहे. अशा गाड्यांत गॅससूचक यंत्र छताजवळ न बसविता जमिनीलगत बसवितात आणि टाकीच्या कप्प्याला तळाशी छिद्रे ठेवतात. आपल्या स्वयंपाकघरालाही हाच नियम लागू आहे : दाराबरोबरच भिंतीच्या तळाशी, बाहेर उघडणारी जाळीची वाट असावी.

गळती कशी ओळखावी

या वायूला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचे उग्र दर्पाचे द्रव्य मिसळतात. तथापि सर्दी झालेल्या माणसास हा वास येत नाही, आणि सतत तेथेच बसणाऱ्याचे नाक त्याला सरावते. म्हणून केवळ नाकावर विसंबू नये. रेग्युलेटरचा सांधा, रबरी नळीची दोन्ही टोके व शेगडीची बटणे यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आल्यास गळती आहे असे समजावे. काडी पेटवून गळती शोधणे म्हणजे अपघातास आमंत्रण होय.

नळी मान्यताप्राप्त असावी, तिला चिरा पडल्यास लगेच व एरव्ही पाच वर्षांच्या आत ती बदलावी. टाकी नेहमी उभी व मोकळ्या जागी ठेवावी. शेगडी टाकीहून उंच ओट्यावर असावी. त्याच खोलीत चूल पेटती ठेवू नये. टाकीच्या कड्याखालील पट्टीवर तपासणीची मुदत लिहिलेली असते. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी म्हणजे सप्टेंबरअखेर व डी म्हणजे डिसेंबरअखेर. पुढील दोन आकडे वर्षाचे. मुदत उलटलेली टाकी स्वीकारू नये.

वास आल्यास

प्रथम रेग्युलेटर बंद करावा. चूल, समई, उदबत्ती विझवावी. विजेचे कोणतेही बटण लावू नये, तसेच बंदही करू नये. दोन्ही वेळा ठिणगी उडते. दारे-खिडक्या उघडून सर्वांना बाहेर न्यावे. शक्य असल्यास रेग्युलेटर काढून टाकीच्या तोंडावर सुरक्षा टोपी घट्ट बसवावी. घराबाहेर दूर आल्यावरच १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर दूरध्वनी करावा.

शाळा व ग्रामपंचायत

पोषण आहार शिजविणाऱ्या शाळांत एका वेळी अनेक मुले स्वयंपाकघराजवळ वावरतात. मुख्याध्यापकांनी दर आठवड्यास साबणाच्या पाण्याची चाचणी करवून तिची नोंद ठेवावी आणि टोपी बसविण्याची रीत स्वयंपाकी भगिनींकडून प्रत्यक्ष करून घ्यावी. पंचायत सदस्यांनी शाळा व अंगणवाडीच्या स्वयंपाकघराची पाहणी करताना भिंतीच्या तळाशी वायूला वाट आहे की नाही, हे आवर्जून पाहावे. नसल्यास जाळीचा एक झरोका पाडण्यास गवंड्याचे थोडेच काम लागते. ते पुढील दुरुस्तीपर्यंत लांबणीवर टाकू नये.