सहा तासांचा अणू

पुण्यातील एका रुग्णालयात तपासणी आटोपून निघालेल्या आजींना तंत्रज्ञ सांगतो, "आजी, आज नातवाला मांडीवर घेऊ नका. उद्या सकाळी खुशाल घ्या." आजींच्या स्तनाच्या कर्करोगावर पूर्वी शस्त्रक्रिया झालेली. आता पाठ दुखते, म्हणून हाडांचा स्कॅन केला. पण नातवाला आज का घ्यायचे नाही आणि उद्या का चालते?

स्तनातील गाठीतून सुटलेल्या काही पेशी रक्ताबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे रुजू शकतात. मणके, बरगड्या, कमरेची हाडे या त्यांच्या नेहमीच्या जागा. तेथे हाड पोखरले जाऊ लागले की हाड घडवणाऱ्या पेशी डागडुजी सुरू करतात आणि रक्तातून कॅल्शियम व फॉस्फेट ओढून घेतात. क्ष-किरण चित्रात बिघाड दिसण्यासाठी त्या जागचे निदान एक-तृतीयांश खनिज नाहीसे व्हावे लागते. डागडुजी मात्र त्याआधीच सुरू झालेली असते. स्कॅनमध्ये तिचाच माग काढतात.

त्यासाठी फॉस्फेटसारखा एमडीपी नावाचा पदार्थ टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सर्गी अणूला जोडून शिरेतून टोचतात. सुमारे तीन तासांत तो हाडांत जाऊन बसतो. उरलेला लघवीवाटे निघून जावा म्हणून भरपूर पाणी पाजतात. मग गॅमा कॅमेरा शरीरातून येणारे गॅमा किरण टिपतो. जेथे डागडुजी जोरात, तेथे गडद ठिपका.

टेक्नेशियम १९३७ साली इटलीत पालेर्मो येथे पेरिये व सेग्रे यांना सापडले. मानवाने कृत्रिमरीत्या मिळवलेले हे पहिले मूलद्रव्य. त्याच्या ९९एम या प्रकाराचे अर्धायुष्य ६ तास. समजा, सकाळी ९ वाजता इंजेक्शन दिले. दुपारी ३ ला निम्मे उरेल, रात्री ९ ला पाव, पहाटे ३ ला एक-अष्टमांश आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ९ ला फक्त एक-षोडशांश. त्यातही बरेचसे लघवीवाटे गेलेले. नातवाचा प्रश्न येथे सुटला!

पण दुसरी अडचण उभी राहते. हा अणू मुंबईहून मोटारीने पुण्याला आणायला चार तास लागले, तर वाटेतच ३७ टक्के संपेल. यावर युक्ती अशी : टेक्नेशियमऐवजी त्याचा जनक मोलिब्डेनम-९९ आणायचा. त्याचे अर्धायुष्य ६६ तास. चार तासांत जेमतेम ४ टक्के घट. शिशाच्या आवरणातील नळीत ॲल्युमिनावर तो बसवलेला असतो आणि त्यातून सतत टेक्नेशियम तयार होत राहते. रोज सकाळी नळीतून निर्जंतुक मिठाचे पाणी सोडले की टेक्नेशियम तेवढे बाहेर येते, मोलिब्डेनम आतच राहतो. जगभरचे तंत्रज्ञ या उपकरणाला गंमतीने 'गाय' म्हणतात आणि या क्रियेला 'दूध काढणे'!

आपल्या देशात अणुऊर्जा विभागाने १९६३ साली मुंबईत परळ येथे रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू केले. आज पुण्यातही हाडांचा स्कॅन होतो.

आता महत्त्वाची गोष्ट. आजींच्या अहवालात बरगडीवर एक गडद ठिपका आहे. घरची मंडळी घाबरली. पण कॅमेऱ्याने कर्करोग पाहिलेला नाही. त्याने फक्त डागडुजी पाहिली. पडल्यामुळे चीर गेली असेल, सांधा झिजला असेल किंवा जंतुसंसर्ग झाला असेल, तरी ठिपका उमटतोच. म्हणून डॉक्टर विचारतात, "आजी, अलीकडे कुठे पडला होता का?" आणि गरज वाटल्यास क्ष-किरण चित्र, सीटी, एमआरआय किंवा हाडाचा तुकडा तपासूनच निर्णय देतात. केवळ ठिपका पाहून घरी कोणी निदान करू नये.

करून पाहा : सोमवारी सकाळी ९ वाजता 'गाई'त मोलिब्डेनमचे १०० भाग आहेत. दर ६६ तासांनी निम्मे, या हिशेबाने आलेख कागदावर वक्र काढा व शुक्रवारी सकाळी ९ वाजता किती उरेल ते वाचा. उत्तर ३६ ते ३७ च्या दरम्यान यावे.