संग्रहातलं नाणं सापडेनासं झालं तर

अल्बमचं पान उलटलं आणि शिवराईचा कप्पा रिकामा दिसला, की हात आपोआप कामाला लागतात. ड्रॉवर ओढले जातात, पाकिटं झटकली जातात, गादी उचलली जाते. नेमकं हेच टाळायचं. नाणं बहुतेक वेळा शेवटच्या जागेच्या आसपासच असतं आणि आपली उलथापालथ त्याला तिथून लांब ढकलते. म्हणून आधी त्या खोलीचा केर काढणं थांबवा. कचऱ्याचा डबा घंटागाडीत जाऊ देऊ नका, रद्दी बांधून ठेवली असेल तर ती दाराबाहेर जाऊ देऊ नका. मग कागद घेऊन शांत बसा.

नाणं शेवटचं कधी पाहिलं, कशासाठी काढलं होतं आणि त्या वेळी टेबलावर आणखी काय काय होतं, हे लिहून काढा. नुसत्या आठवणीवर विसंबू नका, मोबाइलमधले फोटो तारखेनुसार चाळा. आपण संग्राहक मंडळी नाण्याचा फोटो कुणाला ना कुणाला पाठवत असतोच. त्या फोटोच्या कडेला उघडं पुस्तक, वजनकाटा, भिंगाची डबी दिसते आणि शोधायची जागा निम्मी ठरते. नोंदवही असेल तर तीही पाहा. अदलाबदलीत दिलेलं किंवा मित्राला अभ्यासासाठी नेऊ दिलेलं नाणं घरात शोधत बसण्यात अर्थ नाही.

यानंतर अल्बम, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. टेबलावर जाड टॉवेल पसरा, अल्बम त्यावर आडवा ठेवा. तो उभा धरून हलवायचा नाही, उलटा तर मुळीच नाही. प्रत्येक कप्पा अंगठा आणि तर्जनीत धरून चाचपा. एका नाण्यामागे दुसरं सरकलेलं असेल तर जाडी लगेच हाताला कळते. रिकाम्या कप्प्याच्या शेजारचे, वरचे, खालचे कप्पे आणि मागच्या-पुढच्या पानावरचे त्याच जागचे कप्पे आधी. तोंड सैल झालेल्या कप्प्यातून नाणं सटकून पानांच्या मध्ये, थेट अल्बमच्या कण्यापाशी उतरतं, तिथे टॉर्च मारून पाहा. पुठ्ठ्याचे स्टेपल मारलेले होल्डर वापरत असाल तर खिडकीची फिल्म फाटून नाणं पुठ्ठ्याच्या दोन थरांमध्ये गेलेलं असू शकतं. याच फेरीत जुन्या मऊ पीव्हीसीच्या कप्प्यांतल्या तांब्याच्या नाण्यांवर हिरवट चिकट थर दिसला, तर ती नाणी तिथून बाहेर काढून ठेवा. हरवलेल्या एका नाण्याच्या नादात बाकीची खराब व्हायला नकोत.

मग टेबल. वजनकाट्याचं झाकण, भिंगाची डबी, कापडाच्या घड्या पाहा, आणि विशेषतः संदर्भासाठी उघडलेली पुस्तकं. ठशाशी ताडून बघताना नाणं चित्राशेजारी ठेवलं जातं आणि पुस्तक तसंच मिटलं जातं. पुस्तक झटकू नका, पानं एकेक उलटा.

नाणं जमिनीवर पडल्याची शंका असेल तर ते कोणतं आहे यावर शोधायची जागा ठरते. शिवराई हातघडणीची, जाड, वेड्यावाकड्या कडेची. ती सहसा फार घरंगळत नाही, म्हणून टेबलाच्या पायांशीच आधी शोधा. व्हिक्टोरियाचा चांदीचा रुपया यंत्रावर पाडलेला, ११.६६ ग्रॅमचा, जवळपास अचूक गोल. फरशीवर तो धावतो, वळसा घेतो आणि भिंतीला किंवा कपाटाच्या पायाला टेकून थांबतो, म्हणून त्याच्यासाठी भिंतींच्या कडा तपासा. दिवे मालवा आणि टॉर्च फरशीला टेकवून धरा. मोझेकच्या ठिपक्यांत वरच्या उजेडात न दिसणारं तांब्याचं नाणं आडव्या उजेडात लांब सावली टाकतं. सोफ्याच्या फटीत बोटं खुपसू नका, त्याने नाणं आणखी आत जातं. खाली चादर अंथरून सोफा हळू कलता करा. व्हॅक्यूम क्लीनर वापरायचाच असेल तर नळीच्या तोंडावर पातळ मोजा ताणून बांधा. चुंबकाने सोनं, चांदी, तांबं यांतलं काहीच सापडणार नाही. १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा आहे, तो मात्र चुंबकाला चिकटतो.

आता घरातली माणसं. ‘कुणी घेतलं?’ असं विचारू नका. फोटो दाखवा आणि ‘हे कुठे दिसलं का?’ एवढंच विचारा. घरकामाला येणाऱ्या मावशींनाही त्याच शब्दांत आणि त्याच आदराने विचारा. पुराव्याशिवाय घेतलेला संशय नाणं सापडल्यावरही पुसला जात नाही. मुलं असतील तर कॅरमचा डबा उघडा. जुना रुपया साधारण कॅरमच्या सोंगटीएवढा असतो आणि हरवलेल्या सोंगटीच्या जागी तो छान खपून जातो. देवघर तर पाहाच. बंदा रुपया दिसला की घरातल्या मोठ्या माणसांना तो लक्ष्मीपूजनाच्या ताटातला वाटतो, आणि शिवराई दिसली की ती टाकांशेजारी जाऊन बसते. विचारतानाच सगळ्यांना बजावून ठेवा, की सापडलं तर घासायचं नाही. चिंच किंवा पितांबरी लावून चकचकीत केलेल्या शिवराईचा शतकांचा रंग पुन्हा येत नाही, आणि तिचं मोलही.

इतकं करूनही नाणं मिळालं नाही आणि ते घराबाहेर हरवल्याचं किंवा चोरीला गेल्याचं दिसत असेल, तर पोलिसांकडे जायला उशीर करू नका. हरवलं असेल तर तशी नोंद करा, चोरीची शंका असेल तर रीतसर तक्रार द्या. ‘एक जुनी शिवराई’ या वर्णनाचा काही उपयोग नाही. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसरीकडे ‘छत्रपति’ असलेली ही नाणी १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या पश्चातही दीर्घकाळ पाडली गेली आणि आजही पुष्कळांकडे आहेत. पण ठसा धातूच्या तुकड्यापेक्षा मोठा असायचा, त्यामुळे कोणत्या नाण्यावर कोणती अक्षरं किती उमटली आणि कुठे कापली गेली, हे प्रत्येकाचं अंगठ्याच्या ठशासारखं वेगळं असतं. म्हणून दोन्ही बाजूंचा फोटो, वजन, व्यास, कडेवरची चीर आणि चांदीच्या रुपयावर असेल तर सराफाने मारलेली खूण, असं सगळं द्या. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतं आणि देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून त्याचा काळही तक्रारीत लिहा. हाच तपशील ओळखीच्या नाणेविक्रेत्यांना आणि संग्राहकांना पाठवा. चोरीचं नाणं विकायला आलं तर ते याच लोकांसमोर येईल.

नाणं सापडलं, तर कडेने धरा, फुंकर मारू नका, थुंकीचे कण बसतात. वजन करून जुन्या फोटोशी ताडून पाहा आणि नोंदवहीत तारीख, जागा लिहा. फोटो आजवर काढलेच नसतील तर उरलेल्या संग्रहाचेही याच बैठकीत काढा. आणि ज्यांना ज्यांना हरवल्याचं कळवलं होतं, पोलीस धरून, त्या प्रत्येकाला सापडल्याचंही कळवा. ते राहिलं, तर पुढे कधी तुम्ही किंवा तुमची मुलं हे नाणं विकायला काढतील तेव्हा चोरीचं म्हणून तेच अडकून पडेल.