दुसऱ्याचं हस्तलिखित हाती घेताना

कथा लिहिणं, कथालेखन शिकवणं आणि इतरांच्या हस्तलिखितांवर सल्ला देणं, ही तिन्ही कामं मी करते. त्यात तिसरं सगळ्यात जोखमीचं. पैसे बुडण्याची भीती असतेच, पण त्याहून मोठी भीती ही की कादंबरी ज्याची, त्याची ती उरत नाही.

एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. त्यांची कादंबरी आधी एका सल्लागाराकडून ‘दुरुस्त’ होऊन आली होती. बहीण भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून देते, हा तिचा गाभा. नेमकं तिथंच सल्लागारानं बहिणीच्या मनात विचारांचं काहूर माजवलं होतं. गुरुजींना ते खुपत होतं, पण पैसे मोजलेले, म्हणून गप्प.

मी विचारलं, “गुरुजी, निबंधक कार्यालयातून बाहेर पडल्यावर बहिणीनं काय केलं?”

“काही नाही हो ताई. समोरच्या टपरीवर सगळ्यांना चहा सांगितला. पैसे भावांना देऊ दिले नाहीत, स्वतःच दिले.”

हे हस्तलिखितात कुठंच नव्हतं. त्या प्रसंगाचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं. पंधरवड्यानं त्यांनी दीड पान लिहून आणलं. त्यात बहीण पदराच्या गाठीतली नोट सोडवत होती. मला ती नोट सुचली नसती.

संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी ‘सत्यकथा’ मासिकात हेच केलं. शंका काढायच्या, सुचवायचं आणि पुन्हा लिहून घ्यायचं ते लेखकाकडूनच. या कामात पडणाऱ्यांनी ती रीत सोडू नये.

हात लावण्याआधी लेखी ठरवा: नुसता अभिप्राय, संपादन की पुनर्लेखन? प्रत्येकाचा वेळ आणि मोबदला वेगळा. अर्धी रक्कम आधी घ्या. ‘छापून आणते’ असा शब्द कधीही देऊ नका, आणि लेखकांनो, असा शब्द देणाऱ्याच्या दारात जाऊ नका.

करार मात्र लेखकाला वाचायला शिकवा. माझ्या एका संग्रहासाठी प्रकाशकानं पुढं केलेल्या कागदावर ‘सर्व हक्क’ एवढंच होतं. मुदत नाही, भाषांतराचा उल्लेख नाही. मी सही केली नाही. १९५७च्या प्रताधिकार कायद्यानुसार हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांची धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. वर्गात मी हे कथानकाच्याही आधी सांगते.

आणि स्वतःचं लेखन? ते सकाळी, दुसऱ्याचं पान उघडण्यापूर्वी. एकदा का दिवसभर परकी वाक्यं कानात घुमली की आपली लय सापडत नाही. दिवाळी अंकांसाठी कथा लिहायची असते ते महिने मी नवं हस्तलिखित घेत नाही. येणाऱ्यांना दिवाळीनंतरची तारीख देते.