विजयेचे जंतुघ्न व ऑक्सिडीकरणरोधी गुण : प्रयोगशाळा, संहिता आणि चिकित्सालय



गेल्या काही वर्षांत भांगेच्या अर्कांविषयी रुग्णांकडून व औषधविक्रेत्यांकडून होणारी विचारणा वाढली आहे. किनवटसारख्या तालुक्याच्या ठिकाणीही ‘अँटिऑक्सिडंट’ आणि ‘अँटिमायक्रोबियल’ हे दोन शब्द ठळक छापलेली माहितीपत्रके पोहोचतात. हे शब्द निराधार नाहीत. मात्र त्यांचा अर्थ प्रयोगशाळेत एक आणि रुग्णशय्येपाशी दुसरा असतो. हा भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एक रुग्णानुभव

पैनगंगेकाठच्या एका गावातील पन्नाशीचे मधुमेही शेतकरी पायाच्या अंगठ्याजवळील व्रण घेऊन माझ्याकडे आले. ‘हिने जंतू मरतात’ असे ऐकून त्यांनी सहा दिवस गांजाच्या ओल्या पाल्याचा लगदा व्रणावर बांधला होता. व्रणास दुर्गंध होता, घोट्यापर्यंत शोथ होता आणि ज्वरही होता. व्रण धुऊन त्यांना त्याच दिवशी नांदेडला पाठविले. पाय वाचला, अंगठा गेला. पाल्याने अंगठा घेतला असे मी म्हणणार नाही. पाल्यावरील भरवशात गेलेल्या सहा दिवसांनी घेतला. त्याआधी महिनाभर माझ्याच टेबलावर तसे एक माहितीपत्रक पडून होते आणि येणाऱ्या रुग्णांशी मी त्याविषयी कौतुकाने बोलत असे, हेही येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते.

शास्त्राधार

शार्ङ्गधरसंहितेत भांग व अहिफेन ही व्यवायी द्रव्याची उदाहरणे म्हणून दिली आहेत. पचनापूर्वीच सर्व देहात पसरून नंतर पाक पावणारे ते व्यवायी. भावप्रकाश निघंटूत हरीतक्यादि वर्गात भंगा येते. ती तिक्त, लघु, तीक्ष्ण, उष्ण, कफहर, ग्राही, पाचन, पित्तल, तसेच मोह, मद, वाणी व अग्नी वाढविणारी सांगितली आहे. या गुणवर्णनात कृमिघ्न वा व्रणरोपण हे शब्द नाहीत. जातीफलादि चूर्णासारख्या कल्पांत तिची योजना ग्रहणी-अतिसारात होते, ती ग्राही-पाचन गुणांना धरूनच. दाह व पाक असलेल्या व्रणावर उष्ण-तीक्ष्ण-पित्तल द्रव्य बांधण्यास शास्त्रदृष्ट्याही आधार सापडत नाही.

आधुनिक संशोधन काय सांगते?

जंतुघ्न गुण : १९५० च्या दशकात तत्कालीन चेकोस्लोव्हाकियात या वनस्पतीच्या अर्कांवर जंतुनाशक म्हणून काम झाले. १९७६ साली व्हॅन क्लिंगरेन व टेन हॅम या डच संशोधकांनी टीएचसी व कॅनाबिडायॉल (सीबीडी) ही द्रव्ये स्टॅफिलोकोकस व स्ट्रेप्टोकोकस जंतूंना १ ते ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर इतक्या अल्प प्रमाणात रोखतात असे दाखविले. परंतु त्याच अभ्यासातील दोन निष्कर्ष माहितीपत्रकांत येत नाहीत. माध्यमात रक्तद्रव्य मिसळताच लागणारे प्रमाण २० ते ५० मायक्रोग्रॅमपर्यंत वाढले; आणि ग्राम-निगेटिव्ह जंतूंवर परिणाम झाला नाही. व्रणात रक्त, लसीका व पूय असतातच, आणि मधुमेही पायाच्या जुन्या व्रणांत ग्राम-निगेटिव्ह जंतूही वारंवार आढळतात. वर सांगितलेल्या रुग्णाच्या बाबतीत पाल्याकडून आशा किती ठेवावी, याचे उत्तर यातच आहे.

२००८ मध्ये अपेन्डिनो व सहकाऱ्यांनी पाच प्रमुख कॅनाबिनॉइड्स मेथिसिलिन-प्रतिरोधक स्टॅफिलोकोकसवर प्रभावी असल्याचे दाखविले. २०२० मध्ये कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात कॅनाबिजेरॉलचा प्रभाव उंदरांतील संसर्गातही दिसला. ग्राम-निगेटिव्ह जंतूंवर मात्र त्यांचे बाह्यावरण भेदणारे पॉलिमिक्सिन-बी सोबत दिल्यावरच तो मिळाला. हे काम मोलाचे आहे. पण ते शुद्ध, मोजलेल्या रेणूंवरचे आहे, बांधावरून खुडलेल्या पाल्यावरचे नव्हे.

ऑक्सिडीकरणरोधी गुण : १९९८ साली अमेरिकेतील हॅम्पसन व सहकाऱ्यांनी उंदराच्या मेंदूपेशींच्या संवर्धनात ग्लूटामेटजन्य विषाक्ततेपासून सीबीडी व टीएचसी संरक्षण देतात असे दाखविले, सीबीडीचे संरक्षण तेथे क व ई जीवनसत्त्वांपेक्षा सरस ठरले. हाही पेशीसंवर्धनातील निष्कर्ष आहे. परीक्षानळीत मुक्तमूलके शोषणारे द्रव्य देहात रसायन ठरेलच असे नाही. केवळ फिनॉलयुक्त द्रव्य हवे असेल तर आपल्या दुकानात आमलकी व हरिद्रा आहेतच, आणि त्यांना मद नाही.

शोधनाचा प्रश्न

विजया पाण्यात भिजवून, हिरवा रंग जाईपर्यंत धुऊन, वाळवून गोघृतात मंद भाजण्याची पद्धत प्रचलित आहे. कॅनाबिनॉइड्स पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, स्नेहात विरघळतात; उलट जलविद्राव्य फिनॉल धुण्यात काही अंशी निघून जातात. शिवाय उष्णतेने टीएचसी-आम्लाचे मादक टीएचसीत रूपांतर होते. म्हणून कच्च्या पानाच्या मद्यार्कावरील आकडे शोधित विजयेस लावता येत नाहीत आणि शोधित विजया मदरहित झाली असेही गृहीत धरता येत नाही.

कायदा व औषधालय

१९८५ च्या अमली पदार्थविषयक केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे फुलोरा वा फलधारी शेंडे. शेंड्यांविना असलेली पाने व बिया त्यातून वगळल्या आहेत. तथापि परवान्याविना झाड लावणे हाच गुन्हा आहे, आणि पानांचे नियमन राज्यांकडे आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार भांगही परवान्याविना बाळगता येत नाही. वाराणसी वा जैसलमेरला सरकारमान्य भांगेची दुकाने आहेत, हा बचाव येथे चालत नाही. १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात असलेला आमचा तालुका आजही राज्याच्या सीमेवर आहे. दोन्ही बाजूंनी माल येतो, म्हणून औषधालयचालकांनी विशेष सावध राहावे.

बिया वगळता भांगेचा समावेश औषध व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या परिशिष्ट ई (१) मधील विषद्रव्यांत आहे. अशा द्रव्याच्या पोटात घेण्याच्या कल्पाच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना इंग्रजी व हिंदीत असावी लागते.

सारांश

१. विजयेची जंतुघ्नता प्रयोगशाळेत सिद्ध आहे. व्रणचिकित्सेतील तिचे स्थान सिद्ध झालेले नाही.

२. मधुमेही पायाच्या व्रणावर विजयेचा कोणताही घरगुती प्रयोग होऊ देऊ नये. शोथ, दुर्गंध वा ज्वर दिसताच रुग्णास शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

३. विजयायुक्त कल्प परवानाधारक निर्मात्याचेच, देयकासह घ्यावेत व वैद्याच्या लेखी सूचनेवरच द्यावेत.

४. माहितीपत्रक वाचताना तीन प्रश्न विचारावेत : प्रयोग कशावर झाला, कोणत्या अर्काचा झाला, आणि रक्ताच्या सान्निध्यात तो टिकला का?

हे तीन प्रश्न मी आता माझ्या टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवले आहेत. आपणही ठेवावेत, ही नम्र विनंती.